फोर्क खाली घ्यायचा की सीट पुढे?

डोंगरी सायकल घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते. उतारावर सायकल मस्त चालते, पण खडा चढ आला की पुढचं चाक हलकं पडतं. हँडल डावी-उजवीकडे भरकटतं, धरलेली वाट सुटते, आणि जरा जोर लावून पेडल मारलं की चाक सरळ हवेत. विषय निघाला की कुणीतरी सांगतंच, “ट्रॅव्हल कमी-जास्त करता येणारा फोर्क बघ.” सल्ला चुकीचा नाही. फक्त तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या सायकलींना जितका लागू होता, तितका आजच्या सायकलींना नाही. शिवाय असा फोर्क आता बहुधा सेकंड-हँडच मिळतो. त्यामुळे खिशात हात घालण्याआधी तो नेमकं काय करतो आणि तेच काम फुकटात कितपत होतं, हे बघून घेतलेलं बरं.

फोर्क पूर्ण ताणलेला असताना तो पूर्ण दाबला, तर चाक जितकं वर सरकतं तो त्याचा ट्रॅव्हल. १९९० च्या सुमारास रॉकशॉक्सचा पहिला फोर्क बाजारात आला तेव्हा हा ट्रॅव्हल जेमतेम पाच सेंटिमीटर होता. आज क्रॉस-कंट्री शर्यतीच्या सायकलींना १०० ते १२० मिमी असतो, रोजच्या डोंगरवाटांवर चालवायच्या ट्रेल सायकलींना १३० ते १५०, एन्ड्युरोला १६० ते १८० आणि निव्वळ उतारासाठीच्या डाउनहिल सायकलींना २०० मिमीच्या आसपास. ट्रॅव्हल वाढला की फोर्कही तेवढा लांब होतो आणि सायकलचं तोंड वर जातं. दगडधोंड्यांच्या उतारावर हेच हवं असतं, कारण पुढचं चाक अंगापासून लांब राहतं आणि डोक्यावरून पलटी खायची भीती कमी होते. चढावर मात्र तेच नडतं.

का नडतं ते बघा. पंधरा-वीस टक्क्यांच्या चढावर तुमचं वजन आपोआप मागे सरकतं. मागचा शॉक जास्त दबतो. पुढच्या फोर्कवरचा भार कमी झाल्यामुळे तो उलट ताणला जातो. म्हणजे आधीच वर असलेलं तोंड आणखी वर, आणि तुमचं बूड जवळपास मागच्या चाकाच्या आसावर. मागे गॅसची दोन सिलिंडरं बांधून घाट चढणाऱ्या मोटरसायकलचं पुढचं चाक जसं रस्ता सोडायला बघतं, तसंच इथे होतं. ट्रॅव्हल बदलणारा फोर्क यावर सरळ उपाय करतो. चढाच्या पायथ्याशी बटण फिरवायचं, हँडलवर वजन टाकून फोर्क दाबायचा, तो तिथेच खाली राहतो. वर पोचलं की बटण उलटं फिरवायचं, फोर्क पुन्हा उंच.

याने किती फरक पडतो? चाकांच्या आसांमधलं अंतर १२०० मिमी असलेली सायकल धरा. फोर्क ३० मिमीने आखूड केला, तर तो तिरका असल्यामुळे पुढची बाजू प्रत्यक्षात २७ मिमी खाली येते. सगळी सायकल मागच्या आसाभोवती सुमारे १.३ अंशांनी पुढे झुकते. हेड अँगल (फोर्कचा कोन) आणि सीट अँगल (सीटच्या नळीचा कोन) दोन्ही तेवढेच उभे होतात, हँडल साधारण दोन सेंटिमीटर खाली येतं आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस, सेंटिमीटरभर खाली जातो. ऐकायला हे आकडे किरकोळ वाटतात. चालवताना वाटत नाहीत. छाती हँडलच्या जवळ येते आणि पुढचं चाक जमिनीला धरून राहतं.

आता तोच कोन दुसऱ्या वाटेने मिळवू. तुमची सीट बॉटम ब्रॅकेटच्या साधारण ७०० मिमी वर असते. ती रेल्सवर १५ मिमी पुढे सरकवली की सीट अँगल सुमारे १.२ अंशांनी उभा होतो. म्हणजे चढावर बूड कुठे येतं एवढंच बघितलं, तर ३० मिमी फोर्क खाली घेण्याचं बरंचसं काम एका ॲलन कीने होतं. त्यात बॉटम ब्रॅकेट खाली जात नाही, हे वरकड. सीटचं नाक दोन-तीन अंश खाली झुकवलं की घसरून मागे जाणंही थांबतं.

अर्थात हे सगळ्यांना मानवेल असं नाही. रेल्सवर किती पुढे जाता येतं याच्या खुणा असतात, त्या ओलांडायच्या नाहीत. सीट पुढे आली की हँडलपर्यंतचं अंतर कमी होतं. आधीच लहान फ्रेम घेतली असेल तर गुडघे आणि हँडल एकमेकांच्या अंगावर येतात. आणि तुमच्या फेरीत निम्मा रस्ता डांबरी असेल, म्हणजे घरून वीस किलोमीटर सपाट जाऊन मग ट्रेल सुरू होत असेल, तर पुढे सरकलेल्या सीटमुळे तळहातांवर भार येतो. तासाभरात बोटांना मुंग्या येतात. माझं मत विचाराल तर आधी पाच मिमी, मग दहा, असं करत प्रत्येक वेळी ओळखीच्याच चढावर जाऊन बघावं. नव्या चढावर केलेली तुलना काही सांगत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो दुकानदारांच्या तोंडूनही ऐकू येतो. आपल्याकडे पंचवीस-चाळीस हजारांच्या सायकलींवर सर्रास दिसणाऱ्या फोर्कवर दोन बटणं असतात. एकावर लॉकआउट लिहिलेलं असतं, दुसरं प्रीलोडचं. या दोन्हींचा ट्रॅव्हल बदलण्याशी संबंध नाही. प्रीलोडने स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, त्यामुळे तुम्ही बसल्यावर फोर्क किती खचतो यात काही मिलिमीटरांचा फरक पडतो, बस्स. लॉकआउटने फोर्क हलायचा थांबतो, पण उंचीला तसाच राहतो. किंबहुना खड्या चढावर त्याने बिघडतं. मोकळा फोर्क तुमच्या वजनाने दोन-तीन सेंटिमीटर तरी दबलेला असतो. लॉक केलेला फोर्क जवळपास पूर्ण उंचीवर उभा राहतो. पुढचं चाक उचलत असेल आणि तुम्ही त्यावर उपाय म्हणून लॉकआउट लावत असाल, तर दुखणं वाढवताय. डांबरी घाटात उभं राहून पेडल मारायचं असेल तेव्हा लॉकआउट जरूर लावा. दगडाळ, खड्या पायवाटेवर तो सोडा.

ट्रॅव्हल बदलणाऱ्या खऱ्या फोर्कांचा जमाना साधारण २००० नंतर सुरू झाला. रॉकशॉक्सच्या यू-टर्नमध्ये वरचं चक्र गोल गोल फिरवत राहायचं. पाइक हा त्यांचा प्रसिद्ध फोर्क असा ९५ पासून १४० मिमीपर्यंत हवा तिथे थांबवता यायचा. आत पोलादी स्प्रिंग होती आणि फोर्क आखूड करताना तिचे काही वेढे कामातून बाद व्हायचे, म्हणून फोर्क खाली घेतला की तो आपोआप कडकही व्हायचा. चढाला ते सोयीचंच. मात्र चक्राचे वेढे बरेच, त्यामुळे चढ दिसला की थांबणं आलं. इटलीच्या मार्झोकीने याहून सोपी युक्ती काढली होती. खटका फिरवून फोर्क दाबला की तो खालीच अडकायचा आणि तीनेक सेंटिमीटर हालचाल तेवढी शिल्लक राहायची. फॉक्सचा टॅलास हवेवर चालायचा. ३६ टॅलासमध्ये आधी तीन टप्पे होते, पुढे दोनच राहिले. रॉकशॉक्सही नंतर हवेवर आणि दोन टप्प्यांवर आले. १६० चा १३० किंवा १५० चा १२०. बहुतेकांना अधलामधला टप्पा लागतच नाही, हे कंपन्यांना तोवर कळलं असावं.

मग हे फोर्क गेले कुठे? रॉकशॉक्स आणि फॉक्स या दोघांनीही गेल्या काही वर्षांत आपल्या मुख्य मालिकांतून ही सोय काढून टाकली. कारण सायकलीच बदलल्या. २००८ च्या सुमाराच्या १५०-१६० मिमीच्या सायकलीचा सीट अँगल ७२-७३ अंश असायचा. आजच्या तशाच सायकलीचा ७६ ते ७८ असतो. म्हणजे फोर्क खाली घेऊन जे दीड अंश मिळवायचे, त्याच्या दुप्पट-तिप्पट फ्रेममध्येच आले. पुढचं चाक आणखी पुढे गेलं, फ्रेमची लांबी वाढली. मागे ५० दातांची मोठी चकती आल्याने खड्या चढावर झटके न देता सावकाश पेडल मारता येऊ लागलं, आणि पुढचं चाक उचलण्यात त्या झटक्यांचा वाटा मोठा असतो. दुसरीकडे फोर्कच्या आत ट्रॅव्हल बदलणारी यंत्रणा म्हणजे जास्तीचे सील, जास्तीचं घर्षण, थोडं जास्तीचं वजन आणि बिघडायला आणखी एक जागा. साध्या एअर स्प्रिंगचे फोर्क दरम्यान इतके मऊ झाले की बारीक खडीवर या फोर्कांचा अडखळलेपणा हातांना जाणवू लागला. उत्साही मंडळींनी स्वतःहून आतली यंत्रणा काढून साधी बसवायला सुरुवात केली होती.

कॅन्यनने स्ट्राइव्ह या सायकलीत उलटा विचार केला. हँडलवरच्या खटक्याने पुढची बाजू खाली घेण्याऐवजी मागची वर उचलायची. तोंड तेवढंच खाली येतं, पण बॉटम ब्रॅकेट खाली न जाता वर जातो. कल्पना म्हणून मला ही जास्त पटते, आणि का ते सह्याद्रीत चालवणाऱ्याला लगेच कळेल. आपल्याकडचे चढ म्हणजे बसाल्टच्या पायऱ्या. मुरुमाची वाट जरा बरी चालते, की मध्येच गुडघ्याएवढा कातळ. अशा जागी बॉटम ब्रॅकेट सेंटिमीटरभर खाली गेला की पेडल दगडाला आपटतं, आणि आपटतं ते नेमकं जोर लावल्या क्षणी. लांब, एकसारख्या मातीच्या रस्त्यावर याचा त्रास नाही. पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेवर फोर्क खाली घेऊन जे कमावलं ते पेडल आपटून गमावलं, असं होऊ शकतं. फोर्क खाली घेऊनच चालवायचं असेल तर १७५ ऐवजी १६५ मिमीचे क्रँक लावून बघा. जवळपास पूर्ण भरपाई होते.

तेव्हा हा फोर्क कोणाच्या कामाचा? माझ्या मते ज्याची सायकल २०१५ च्या आसपासची किंवा त्याआधीची आहे, १४० मिमीच्या पुढची आहे आणि ज्याच्या फेऱ्यांत एक लांब चढ नि मग एक लांब उतार असा सरळ हिशेब आहे, त्याच्या. आल्प्समध्ये तासभर जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्याने चढायचं आणि पलीकडे पायवाटेने उतरायचं, अशाच फेरीसाठी हे फोर्क घडले. आपल्याकडे एखाद्या गडाच्या गाडीरस्त्याने वर जाऊन दुसऱ्या बाजूने उतरणाऱ्याला ते जमतील. पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी, जिथे दर दोन-तीन मिनिटांना चढाचा उतार आणि उताराचा चढ होतो, तिथे मात्र हे बटण दोन फेऱ्यांनंतर कोणी फिरवत नाही. ते फोर्कच्या माथ्यावर असतं, हँडलवर नाही; त्यासाठी एक हात सोडून खाली वाकावं लागतं. ई-बाइकवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. मोटरच्या जोरावर ते इतरांनी पायी चढायच्या वाटा चालवत जातात, त्यामुळे पुढचं चाक उचलण्याचा जुना प्रश्न त्यांच्याकडे परत आला आहे. पण बऱ्याच ई-बाइकची मागची बाजू मुळातच लांब असते, आणि तेच बहुधा पुरतं.

शंका असेल तर विकत घेण्याआधी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. सामान बांधायचा खटक्याचा पट्टा घ्या. फोर्कच्या खालच्या दोन पायांना जोडणारी जी कमान असते, तिच्यातून तो ओवून वर स्टेमभोवती घ्या. ब्रेकची नळी आत सापडणार नाही याची खात्री करा. एकाने हँडलवर वजन टाकून फोर्क दाबायचा, दुसऱ्याने पट्टा आवळायचा. हात सोडल्यावर फोर्क तीन-चार सेंटिमीटर दबलेला राहिला पाहिजे. असं करून तुमचा नेहमीचा चढ चढा. मग पट्टा सोडून, सीट पुढे सरकवून तोच चढ पुन्हा. हे फक्त चढण्यापुरतं. पट्टा बांधून उतरायचं नाही, शंभर मीटरही नाही. दोन्हीत काडीचा फरक वाटला नाही, तर पैसे वाचले.

फरक वाटला आणि सेकंड-हँड फोर्क किंवा तसा फोर्क असलेली सायकल घ्यायची ठरवली, तर तपासणी घाईत करू नका. परदेशात नोकरी करून परतलेल्यांनी आणलेल्या सायकली पुण्या-मुंबईत बऱ्याच विकायला येतात आणि त्यांच्यावर हे फोर्क हमखास दिसतात. सोबत शॉक पंप आणि मोजपट्टी न्या. पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण ताणू द्या आणि धुळीच्या सीलपासून वरच्या क्राउनपर्यंत चकचकीत नळी किती उघडी दिसते ते मोजा. १५० मिमीच्या फोर्कला ती निदान तेवढी दिसायला हवी. १३५-१४० च भरली तर आतली हवा किंवा तेल नको त्या कप्प्यात गेलं आहे. या फोर्कांचा हा नेहमीचा आजार. मग बटण फिरवून, वजन टाकून फोर्क खाली घ्या. पुन्हा मोजा. पुढचा ब्रेक दाबून दहा-बारा वेळा हापसा आणि तिसऱ्यांदा मोजा. माप हललं नाही तर ठीक. आता बटण परत फिरवून हँडल उचला. फोर्क एका दमात पूर्ण उंचीला यायला हवा. अर्ध्यात अडखळून मग हळूच वर आला तर सील थकले आहेत. उलटही बघा. उंच स्थितीत ठेवून जोरात हापसल्यावर तो आपणहून खालच्या टप्प्यात जाऊन बसत असेल, तर तो फोर्क उतारावर धोक्याचा आहे, कितीही स्वस्त मिळाला तरी. शक्य असेल तर सायकल रात्रभर उभी ठेवायला सांगून सकाळी पुन्हा माप घ्या. शेवटी नळीवरून वर-खाली नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा सील ज्या पट्ट्यात सरकतं तिथे असेल, तर विषय संपला.

विकणाऱ्याला नव्हे, तुमच्या मेकॅनिकला आणखी एक गोष्ट विचारा: आतली यंत्रणा बिघडली तर तिच्या जागी साधी एअर स्प्रिंग बसते का, आणि ती मागवता येते का? टॅलास आणि रॉकशॉक्सच्या दोन टप्प्यांच्या कित्येक फोर्कांत असा बदल करता येतो. मूळ यंत्रणेचे सुटे भाग आपल्याकडे सहसा मिळत नाहीत, त्यामुळे हा परतीचा रस्ता उघडा असेल तरच किमतीबद्दल बोलावं.

फोर्क हाती आल्यावर हवा नेहमी उंच स्थितीतच भरा. तुम्ही हेल्मेट, पाण्याची पिशवी वगैरे सगळं घालून चालवण्याच्या पवित्र्यात उभे राहाल तेव्हा फोर्क ट्रॅव्हलच्या २० ते २५ टक्के दबला पाहिजे. १५० च्या फोर्कला ३० ते ३८ मिमी. खाली घेतल्यावर तो कडक वाटेल. त्याला भुलून हवा कमी करू नका, नाहीतर उतारावर फोर्क तळाला आपटेल. चढताना नुसता फोर्क खाली घेऊन मागेच बसून राहिलात तर फायदा अर्धाच. सीटच्या नाकावर या, कोपरं जमिनीकडे वळवा, हनुवटी हँडलच्या दिशेने.

आणि वर पोचल्यावर फोर्क उंच करायला विसरू नका. ही चूक महागात पडते. खाली घेतलेल्या फोर्कने उतरू लागलात तर हँडल खाली, स्टिअरिंग चपळ, वजन पुढे आणि ट्रॅव्हल कमी, अशी चारही संकटं एकदम येतात, आणि ती कळतात पहिल्या मोठ्या पायरीवर. ड्रॉपर, म्हणजे खटक्याने खाली-वर होणारा सीटचा खांब, असेल तर त्याच्याशी सांगड घाला. सीट खाली जाईल तेव्हा फोर्क वर, एरवी नाही.

रॉकशॉक्स आपल्या फोर्कच्या खालच्या पायांचं तेल दर ५० तासांनी बदलायला सांगतं, फॉक्स १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा. पावसाळ्यात लाल चिखलातून चालवणाऱ्याने हे आकडे निम्मे धरावेत. ट्रॅव्हल बदलणारा फोर्क कोरडा पडला की आधी हात दुखू लागतात आणि मग बटण काम करायचं थांबतं.

अजून एक रस्ता आहे, ज्याचा विचार फारसा कोणी करत नाही: ट्रॅव्हल कायमचाच बदलून टाकणं. बऱ्याच एअर फोर्कांत आतली दांडी बदलून, आणि मॅनिटूच्या काही फोर्कांत नुसते प्लास्टिकचे तुकडे घालून-काढून ट्रॅव्हल दहा-दहा मिमीने कमी-जास्त करता येतो. तुमची हार्डटेल, म्हणजे मागे शॉक नसलेली सायकल, १५० मिमीची असेल आणि फेऱ्या बहुतेक चढाच्या असतील, तर तिला १३० ची करून टाकणं चांगल्या मेकॅनिकला तासा-दोन तासांचं काम आहे. रोज बटण फिरवायची कटकट नाही, जास्तीचे सील नाहीत. उलट दिशेने जाताना मात्र फ्रेम बनवणाऱ्याने किती ट्रॅव्हलपर्यंत परवानगी दिली आहे ते आधी बघा. १०० मिमीसाठी बनलेल्या फ्रेमला १४० चा फोर्क लावला की हेड ट्यूबच्या सांध्यावर ताण वाढतो, वॉरंटी जाते, आणि ज्या चढासाठी हा सगळा खटाटोप चालला होता तिथे पुढचं चाक आधीपेक्षा लवकर उचलतं.